न उडणारे रंग

परशूचा रामनगरात फोटोचा स्टुडिओ होता, आणि त्याची बायको सुंदरी जाऊन वर्ष होत आलं तरी त्याच्याच घरात तिचा एक धड फोटो नव्हता. लग्नातला वाळवीनं खाल्ला. नंतरचे रंगीत फोटो त्यानं हौसेनं स्टुडिओच्या काचेत लावले होते, ते उन्हानं आधी गुलाबी झाले, मग नुसते डाग उरले. एरवी ती कॅमेऱ्यापुढं उभीच राहायची नाही. "माझ्यावर रीळ कशाला नासताय? गिऱ्हाइकाचं काढा," म्हणायची.

राहिली होती एक स्लाइड. कुळगीच्या रानात धनेश पक्ष्याचे फोटो काढायला पुण्याचे एक साहेब आले होते. परशू त्यांचं सामान घेऊन हिंडला. जाताना त्यांनी उरलेलं रीळ त्याला दिलं. त्यावर त्यानं सुंदरीला टिपलं, भाताची रोपं लावताना. हातात तरव्याची पेंढी, पदर खोचलेला, आणि "आता पुरे की" म्हणून हसणारी. पुठ्ठ्याच्या चौकटीतली इवलीशी फिल्म, पण खिडकीपुढं धरली की ती समोर उभी राहायची.

पावसाळ्यात त्या स्लाइडला बुरशी धरली. कडेनं जाळ्या चढत चढत खांद्यापर्यंत आल्या. साहेब पुन्हा आले तेव्हा परशूनं ती दाखवली. ते हळहळले, आणि स्लाइडवरून थेट छापायचा कागद नि औषधं देऊन गेले.

"याचे रंग उडत नाहीत. तुमच्या-माझ्यामागं राहील फोटो," ते म्हणाले. "पण ह्या फिल्मला पाणी लावू नका. बुरशीनं वरचा थर मऊ झालाय, साबणासारखा सुटेल."

परशूनं घाई केली नाही. तिथंच तो चुकला. या कागदात सगळे रंग आधीच भरलेले असतात; औषध नको तेवढा रंग काढून टाकतं, उरतो तो फोटो. नेहमीच्या कामात उजेड जास्त दिला की फोटो काळवंडतो, इथं उलट उजळतो. आयुष्यभराची सवय मोडायची होती. म्हणून साहेबांनी दिलेल्या टाकाऊ स्लाइडींवर त्यानं हात बसवला. धनेश छापले, पिवळ्या चोचीचे, जिवंत. सुंदरीसाठी शेवटचा कागद राखून ठेवला.

सुंदरीच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी खानापूरहून तिची आई आली. परशूची ती मामी. सुंदरी त्याच्या सख्ख्या मामाची पोर.

"हिलाच छापणार व्हय आज?" मामीनं स्लाइड खिडकीपुढं धरली. बराच वेळ बघत राहिली. "माझी बाय ती! हासतीय बघ कशी. पण कपाळ मोकळं की गा, परशा?"

"घामानं गेलं असंल, मामी. लावणी चालली होती."

"अहेव मेली माझी लेक, आन् फोटोत बिनकुंकवाची?"

"बघू या नंतर," म्हणून तो आत गेला. औषधाच्या बाटल्या कोमट पाण्यात ठेवायच्या होत्या. खोलीच्या फटींना गोधडी लावायची होती, कारण या कागदाला लाल दिवासुद्धा चालत नाही.

बाहेर आला तेव्हा मामी देवळीपाशी उभी होती. चेहरा समाधानानं फुलला होता.

"लावलं बघ. जरा पसरलं हुतं, पदरानं टिपलं."

परशूनं स्लाइड उजेडापुढं धरली. हात होते, पेंढी होती, लुगडं होतं. मानेच्या वर तांबडा फरकाटा, आणि त्याच्यामागून खिडकीचं नुसतं ऊन येत होतं.

"ब्येस झालं न्हवं?" मामीनं विचारलं. तिच्या बोटाला ओलं कुंकू होतं. पदराच्या टोकाला कसलासा करडा चिकटा लागला होता, तो तिला दिसला नव्हता.

"व्हय. ब्येस झालं."

तो आत गेला. दार लावलं. कुठंतरी काहीतरी राहिलं असेल, डोळ्याला दिसत नसेल पण मोठं केल्यावर दिसेल, असं मनाशी म्हणत त्यानं मऊ ब्रशनं फिल्मवरचं कुंकू झाडलं, तो शेवटचा कागद अंधारात चाचपून लावला, उजेड दिला, डब्यात गुंडाळून औषधं ओतली आणि डबा फिरवत बसला. फिरवताना तो ओठ दाबून रडला, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

फोटो धुतला. काही राहिलं नव्हतं. मानेच्या वर नुसता पांढरा डाग.

मामीनं ओला फोटो दोन्ही हातांत धरला. "तोंड कुटं हाय?"

परशूनं औषधाचा डबा उपडा करून ठेवला.

"आरं, तोंड कुटं गेलं हिचं?"

"माझ्या हातनं चुकलं, मामी. औषध जास्त झालं."

"औषध?" तिचा आवाज चिरका झाला. "साऱ्या गावाच्या सुना-पोरी काढतोस, आन् तुझ्या बायकूचंच तोंड धुऊन टाकलंस? जित्तेपनी तरी बगितलं हुतंस का कदी तिच्याकडं?"

"चुकलं."

"मला गाडीत बसीव."

"उद्या वर्स हाय, मामी."

"बिनतोंडाच्या फोटोफुडं काय बसू मी?"

स्टँडपर्यंत ती पुढं चालली, तो पिशवी घेऊन मागं. खानापूरची गाडी लागलेलीच होती. खिडकीपाशी बसून तिनं तोंड पलीकडं वळवलं. परशू खाली उभा राहिला. एक वाक्य बोलला असता तर ती उतरून आली असती. पण मग जन्मभर आपलं ते बोट बघत बसली असती. गाडी हलली तरी तो काही बोलला नाही.

घरी आला तेव्हा फोटो वाळला होता. ओलेपणी तांबूस दिसणारे रंग आता जागेवर बसले होते. तरवा अगदी तसाच हिरवा. तिच्या नखांतला चिखलसुद्धा आला होता. परशूनं डोळे मिटून तिचं हसणं आठवून बघितलं. ओठ आठवले, पुढचा किंचित वाकडा दात आठवला, पण सगळं मिळून तोंड होईना. तोंडाच्या जागी तो पांढरा डागच यायचा.

त्यानं डोळे उघडले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, कपाळापासून.