पंधरा शून्यांनंतरचे चार

निवृत्त होईपर्यंत बाबा दुकानांतले तराजू तपासायचे. काटा काकणभर जरी कलला, तरी तराजूला सील ठोकायचे आणि दुकानदाराच्या चहाला हात लावायचे नाहीत. अशा माणसाच्या मुलाला शाळेत गणितात भोपळा मिळाला आणि घरात त्याचं नाव भोपळ्या पडलं. पुढे तोच प्रोग्रामर झाला. बाबा एवढंच म्हणाले, "संगणकाचं नशीब."

आईला जाऊन वर्ष झालं होतं. शेवटचे चारशे बारा दिवस तिचं हृदयाचं औषध बाबांनीच मोजून दिलं. दिवसातून तीनदा, दर वेळी चमच्यातून ०.१ मिलिग्रॅम. दिवसाला ०.३ च्या वर जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती गेल्यावर बाबा भोपळ्याच्या जुन्या पुस्तकातून तर्काची एक संगणकभाषा शिकले. तिच्यात नुसते नियम लिहायचे आणि प्रश्न विचारायचा. एक उत्तर आलं की अर्धविराम दाबायचा, मग ती पुढचं शोधते.

बाबांनी रोजचे तीन ०.१ लिहून विचारलं, मर्यादा ओलांडली असा दिवस आहे का?

आहे. पहिला.

अर्धविराम. दुसरा.

अर्धविराम दाबत दाबत बाबांनी चारशे बाराही दिवस पडद्यावर आणले. तेव्हापासून त्यांनी औषधाला हात लावला नाही, स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळीलासुद्धा.

हे भोपळ्याला आज कळलं, कपाटात गोळ्यांची सात न फोडलेली पाकिटं सापडली तेव्हा.

"माझ्या हाताला माप नाही," म्हणत बाबांनी त्याला पडदा दाखवला.

भोपळ्याने बेरीज पाहिली. दशांशचिन्हापुढे तीन, मग पंधरा शून्यं, मग चार.

"बाबा, हा यंत्राचा घोळ आहे. त्याला दहावा भाग नेमका धरता येत नाही. घाईघाईत जवळपासचं काहीतरी धरतं."

"जास्त म्हणजे जास्त."

"एवढं तर चमच्याला चिकटून राहतं."

"मी याहून कमीवर दुकानं बंद केलीत."

"याहून कमीवर?"

बाबांनी पडद्यावरची शून्यं पुन्हा मोजली.

भोपळ्याने प्रत्येक ०.१ खोडून एक छेद दहा लिहिलं, मर्यादा तीन छेद दहा. आता अपूर्णांक अचूक होते. पण दर तासाला अंगात किती औषध उरलं, याचाही नियम बाबांनी लिहून ठेवला होता. छेद वाढत वाढत आठ हजार आकडी झाले. आधी पापणी लवायच्या आत उत्तर देणारं यंत्र आता घरघरत बसलं.

"झोपलं का?"

"छेद समान करतंय."

"तुला कधी जमलं नाही ते."

पाऊण तासाने एकच शब्द आला. नाही. असा एकही दिवस नव्हता.

बाबांनी सवयीने अर्धविराम दाबला. पुढे काहीच आलं नाही.

"म्हणजे मी बरोबर दिलं."

"हो."

"सगळे दिवस."

"सगळे."

भोपळ्याने गोळी आणि पाण्याचा पेला पुढे केला. बाबांनी गोळी तळहातावर घेतली, जराशी तोलल्यासारखी केली आणि गिळली.

"वर्षभर वाटायचं, नीट मोजलं असतं तर ती असती," ते म्हणाले. "आता नीट मोजलं होतं, तरी नाही."

भोपळ्याला एरवी कशावरही विनोद सुचायचा. तो पेला विसळायला उठला.

"ते जुनंच गणित परत लाव," मागून बाबा म्हणाले. "ते पटकन सांगायचं."