लोकरीचं झबलं आणि उशिराची उडी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. पण पडदा, कळफलक, मोठी पेटी असला लवाजमा माझ्यापाशी नाही. तळहातावर मावेल एवढी हिरवी पट्टी आणि तिच्यावर बसवलेल्या चिपा, इतकाच माझा संसार. म्हणून मला कमी लेखू नका हं! कारखान्यातून निघालो तो थेट एका दवाखान्यात लागलो. आत कोणाचा नंबर आहे, हे भिंतीवरच्या पडद्यावर दाखवायचं काम माझं. भलीभली माणसं माना वर करून माझी वाट बघत. पुढे नवं यंत्र आलं आणि मी खणात, वाळलेल्या पेनांच्या शेजारी जाऊन पडलो. कोणी विचारीना. फार वाईट वाटलं.

तिथून मला उचललं ते दवाखान्यातले संगणक सांभाळणाऱ्या ताईने. तिचे बाबा घड्याळं दुरुस्त करत. आजारपणात त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. हळूहळू तो हलू लागला, पण अंगठा काही ऐकेना. डॉक्टर म्हणाले, बोटांना काम द्या. व्यायामाचा रबरी चेंडू बाबांनी दुसऱ्याच दिवशी पलंगाखाली ढकलला. मग ताईने त्यांच्या तरुणपणीचे व्हिडिओ गेम माझ्यात भरले आणि मला टीव्हीला जोडलं. बाबांचा चेहरा असा खुलला की बघत राहावं!

पण काय सांगू! थोडा वेळ सगळं झकास चाले आणि मग माझं अंग जड होई. बाबा बटण दाबत आणि पडद्यावरचा शिपाई सावकाश, मागाहून उडी मारी, ती थेट खड्ड्यात. रोज हेच. शेवटी बाबांनी बटणांचा खोका खाली ठेवला.

"गेला हा अंगठा कामातून," ते म्हणाले. "माझी हत्यारं शेजारच्या घड्याळवाल्याला देऊन टाक. उद्याच दे."

बाबा, उशीर तुमच्या अंगठ्याला नाही, मला होतोय! पण मला कुठलं तोंड?

ताई स्वतः खेळायला बसली. "अरेच्चा, मीसुद्धा खड्ड्यातच पडतेय की!" असं म्हणत तिने मला हात लावला आणि चटकन मागे घेतला. माझ्या अंगात ताईच्या आईने विणलेलं लोकरीचं झबलं होतं. या आईच्या हाताला उसंत म्हणून नाही. रिमोटला झबलं, मिक्सरला झबलं, मग मीच का उघडा?

"धूळ बसते गं त्याच्यावर," आई म्हणाली.

"आई, तो आत उकडून निघतोय. तापला की जळू नये म्हणून आपणहून हळू चालतो."

"मग जाळीचं विणू का?"

"हात जोडते, नको!"

मग ताईने जे केलं त्याला तोड नाही. मला उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी बसवली, वर इवलासा पंखा लावला. जुन्या मोबाइलच्या चार्जरवर मी अर्धपोटी चालत होतो, तो बदलला. दवाखान्यातली कामं अजून माझ्या पोटात चालूच होती, तीही काढून टाकली. अंग कसं हलकं झालं!

"बाबा, एकदाच खेळा," ती म्हणाली. "यंत्र तापत होतं, ते दुरुस्त केलंय."

बाबा कुरकुरत बसले. बटण दाबलं, त्याच क्षणी शिपाई उडाला. आणि पुन्हा खड्ड्यात पडला.

ताईचा चेहरा पडला. बाबा मात्र हसले.

"थांब गं, या वेळी मीच लवकर दाबलं. ही चूक माझी. माझी असली तर सुधारता येईल."

मित्रांनो, आमच्यासारख्या मुक्या यंत्रांना मोकळी हवा आणि पोटभर वीज द्या. आम्ही रेंगाळलो की आमच्या भरवशावर बसलेलं माणूस स्वतःलाच निकामी समजू लागतं. बाबा आता रोज खेळतात. अंगठा अजून थरथरतो, उड्या चुकतात. चुकली की ते म्हणतात, "परत लाव."