चाळीस पावलांचा बोळ

मोजणीची साखळी मीच ओढली, तवा दोष दुसऱ्या कुणाला देऊ? इलाही माझं नाव. प्लेग निवल्यावर कोल्हापूरचा नकाशा काढायचं निघालं. माणसं कुठनं कुठं चालत जात्यात ते समदं कागदावर यायला पायजे, असं मोजणीचा कारकून म्हणायचा. पुण्याकडचा माणूस, मराठी त्याची पुस्तकातली.

आमच्या गल्लीतनं पल्याडच्या गल्लीत जायला एक बोळ होता. चाळीस पावलं. कारकुनानं विचारलं, "हा बोळ कुणाचा?"

"कुणाचा न्हाय की, साहेब."

आमच्यात कुणाचा न्हाय म्हंजे समद्यांचा. पाण्याला जा, दळणाला जा, कोण अडवतंय? त्यानं माझा जबाब लिवला, 'वहिवाट कुणाचीही नाही.' मला कुठं वाचता येतंय? खाली अंगठा उमटवला, वर त्याला पान खायला दिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणत्यात ते हेच.

नकाशात बोळ आलाच न्हाय. शेजारच्या बाळासोनं, गुळाच्या व्यापाऱ्यानं, अर्ज करून ती जागा घेतली आन् दोन्ही तोंडाला पुरुषभर उंच भिंती घातल्या. लई भांडलो मी. त्यानं जबाब म्होरं धरला. खाली माझाच अंगठा.

त्याच साली लेक नजीरा पहिल्या बाळंतपणाला आलती. भर दुपारी तिचं रगात जायला लागलं, थांबंना. सुईण धोंडुबाई भिंतीच्या पल्याड ऱ्हायची. बाळासोच्या घरातनं वाट मागावी तर दाराला कुलूप, तो वडगावच्या बाजाराला गेलता. माळ्यावर चढून मी हाक मारली.

"आलो रं, इलाही," तिनं ओ दिली.

साठीची बाई, गुडघं गेल्यालं. समद्या पेठेला वळसा, त्यात पेठेतल्या बाजाराची गर्दी. नजीरा विचारायची, "अब्बा, मावशी आली?" मी म्हणायचो, आलीच बघ. धोंडुबाई दारात आली तवा नजीरानं विचारायचं थांबवलं हुतं. पोटातलं लेकरूबी गेलं.

बाळासो सांजच्याला परतला. माणूस वाईट न्हवं. डोळं पुसत आला आन् गड्याकडनं दोन्ही भिंतींच्या विटा काढवल्या.

"जनाजा हितनं न्या, इलाहीभाई. मयताची वाट अडवू नये."

आन् जित्या माणसाची अडवावी व्हय? तोंडात आलतं माझ्या. खांदा दिला आन् लेकीला बाजारातनं, वळसा घालूनच नेली.