तमाम लोकांस

कात्रीच्या खालच्या पात्यावर कालची खळ वाळून बसली होती, आणि ती नखाने खरवडता खरवडता सुमंगलाच्या मनात आलं की रोज पुसूनही हे पातं रोज चिकटच कसं राहतं... गव्हाच्या पिठाची, घरी शिजवलेली खळ. डिंकाची बाटली परवडत नाही असं नव्हे, पण पेपरची कात्रणं चिकटवायला विकतचा डिंक म्हणजे नवऱ्याला, व्यंकटरावांना, उधळपट्टी वाटे. कायद्याची जाड पुस्तकं हप्त्याने घेणारा माणूस डिंकापाशी अडतो. अडो बापडा.

पुढ्यात पेपरांची चळत होती. संक्रांतीला विद्यापीठाच्या नामांतराचा निकाल लागला, तेव्हापासून एस.टी. कधी धावे, कधी आगारातच उभी राही — कुठे गुलाल, कुठे दगड — आणि औरंगाबादचे, नांदेडचे दोन-दोन दिवसांचे पेपर एकदम येऊन अंगणात पडत. व्यंकटराव कोर्टात जायच्या आत तिने ते चाळायचे, निळ्या पेन्सिलीने खुणा करायच्या, कापायचे, पाठकोऱ्या कागदावर चिकटवून बैठकीतल्या टेबलावर ठेवायचे. एस.टी.चा अपघात सगळ्यात वर. कारण दुसऱ्या वकिलाचा माणूस पोचायच्या आत सितारामला, म्हणजे यांच्या मुनशीला, दवाखान्यातल्या खाटेपाशी वकीलपत्र घेऊन उभं राहायचं असे. त्याखाली दगडफेकीत धरलेल्यांची नावं. नावाच्या बाजूचे असोत की विरोधातले, जामीन दोघांनाही लागतो, असं व्यंकटराव म्हणत आणि स्वतःच हसत. तिला हसू येत नसे. इतक्या वर्षांत तिने किती वस्त्या कापून काढल्या होत्या — जळालेल्या, उठवलेल्या — आणि तरी ती माणसं एका नावावरून मागे हटली नव्हती. सातवीत शाळा सुटलेली बाई जे काही शिकली ते या कागदांच्या कडांवरच शिकली. सरळ कापायला आणि तिरकं वाचायला.

आणि सगळ्यात शेवटी जाहीर नोटिसा.

व्यंकटरावांचं अर्धंअधिक नाव या नोटिसांवर झालं होतं. कुणी वावर विकत घेतो, तेव्हा घेणाऱ्याचा वकील पेपरात छापतो की या जमिनीवर कुणाचा हक्क असेल त्याने मुदतीत हरकत घ्यावी, न घेतल्यास हक्क नाही असं समजू. तसली नोटीस दिसली, विकणारे भाऊ-भाऊ असले, की व्यंकटरावांचा एकच सवाल — बहीण आहे का बघा. मग सिताराम पालमला, जिंतूरला, कुठल्या कुठल्या वस्तीवर जाऊन ती बहीण हुडकून काढी, आणि आठवड्याभरात ती बाई ओसरीवर डोक्यावरचा पदर सावरत बसलेली असे. सुमंगला त्यांना पाणी देई, चहा देई, आणि मनातून त्यांच्यावर चिडे. भावाला कोर्टात ओढणारी बाई. चार बिघ्यांसाठी माहेर मोडणारी बाई. कपाची दांडी तिच्याकडे वळवून ठेवतानासुद्धा नजर वळवत नसे ती.

चळतीच्या तळाशी सुतळीने बांधलेलं एक साप्ताहिक निघालं. ते या घरी विकत येत नव्हतं. कुणाच्याच घरी येत नसावं. त्याला वाचक नव्हते आणि वाचक नसणं हाच त्याचा धंदा होता — नोटीस द्यायची खरी, पण कुणाला कळू द्यायची नाही, असं ज्याला असेल तो तिथे छापे, आणि छापून आलं की एक अंक वकिलाच्या घरी पुराव्याला येई. तिने सुतळी कापली. मधलं पान उघडलं. तमाम लोकांस कळविण्यात येते की... निळी पेन्सिल आपसूक उचलली गेली. विकणारे दोघे भाऊ. मयत वडिलांची जमीन. मयतास सदर दोन मुलांखेरीज अन्य कोणीही वारस नाही. बहीण आहे का बघा — हाताने समासात खूण करूनही टाकली, आणि मग डोळे मागे फिरले, गावाच्या नावावर, येलदरीच्या कालव्याखालच्या त्या गावाच्या नावावर, आणि भावांच्या नावांवर. अप्पाराव. बन्सीधर.

बहीण आहे. बहीण इथे बसली आहे, मांडीवर कात्री घेऊन.

खाली सही: ॲडव्होकेट व्यंकटराव.

मयत म्हणजे दादा... मयत म्हणजे कालव्याला पहिलं पाणी आलं तेव्हा धोतर खोचून, मला खांद्यावर घेऊन त्यात उभे राहिलेले दादा. अन्य कोणीही नाही. मग त्यांच्या खांद्यावर कोण होतं? — आणि संक्रांतीला अप्पाराव आला होता, यंदा जरीकाठी साडी घेऊन, दरवर्षी चोळीच्या खणावर भागवणारा अप्पाराव. तिळगूळ तोंडात टाकून तो बैठकीत गेला, दार लोटलं गेलं, आणि ती दोनदा चहा घेऊन गेली तेव्हा दोन्ही वेळा आतलं बोलणं थांबलं. मेव्हण्या-मेव्हण्यांचं जमतंय म्हणून तिला बरं वाटलं होतं. बरं वाटलं होतं! शेजारच्या विमलावहिनींना तिने ती साडी उलगडून दाखवली होती.

व्यंकटराव आंघोळ करून काळा कोट हातावर टाकून आले. तिच्या हातातला अंक त्यांनी पाहिला. दचकले नाहीत. दचकले असते तर... लपवला असता तर निदान लपवण्याजोगी तरी ठरले असते मी.

"तो कापू नको. फायलीला पूर्ण अंक लागतो."

"ही दादांची जमीन आहे."

"हो. आबासाहेब घ्यायलेत." ते खुर्चीवर बसून मोजे चढवू लागले. आबासाहेब म्हणजे वर्षभराच्या खटल्यांचं घर. त्यांचं नाव घेताना व्यंकटरावांचा आवाज आपोआप खाली येई. "अप्पारावांना तिथली शेती होईना. चांगला भाव आलाय."

"दुसरा कोणी वारस नाही, असं लिहिलंय तुम्ही."

"मसुदा तसाच असतो." दुसरा मोजा. "अप्पारावांनी विचारलं होतं मला. मी सांगितलं, आमच्याकडून काही हरकत नाही."

आमच्याकडून.

"मला नाही विचारलं."

आता त्यांनी मान वर केली, आणि त्या चेहऱ्यावर राग नव्हता, कंटाळा होता. "तुला काय कमी आहे इथं? उद्या वकिलाची बायकोच हरकत घ्यायली म्हणून बाररूममध्ये चहा प्यायची सोय राहणार नाही मला. वावर पाहिजे का माहेर, ते ठरव. आणि अपघाताचं कात्रण कुठंय?"

तिने ते दिलं. हात नीट होता, कागदही सरळ कापलेला होता. कसल्या कसल्या गोष्टी नीट होत राहतात...

ते गेले आणि थोड्या वेळाने ओसरीवर दगडाबाई येऊन टेकली. पालमची, सितारामनेच हुडकून आणलेली, भावावर दावा लावून बसलेली. यश्टी वाटेत अडकली, वकीलसाब गेले का, मग कोर्टातच गाठते, पर जरा पानी द्या, असं सगळं तिने एका दमात सांगितलं. सुमंगलाने तांब्या दिला. एरवी ती आत वळली असती. आज दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, आणि जे कधी विचारलं नव्हतं ते विचारून बसली — भाऊ बोलतो का हो?

दगडाबाईने तोंड पुसलं. "बोलतो की. आधी मला 'ती' म्हनायचा. तिला सांगा, तिला बोलवा. आता चावडीपुढं हुभा राहून माजं नाव घिऊन शिव्या घालतो. लय खणखणीत घेतो नाव."

आणि हसली. दात नसलेलं, मोकळं हसू.

"आणि माहेर?"

"माहेराला जायचे तवा बी सांजच्याला परत धाडायचेच की, वकिलीणबाई." तिने तांब्या उपडा घातला आणि सुमंगलाकडे, तिच्या पदराच्या काठाकडे, एकदा निरखून पाहिलं. "तुमाला न्हाई कळायचं ते. तुमी कायद्याच्या घरच्या. तुमचं कोन खातंय?"

सुमंगलाला तिचा असा संताप आला की तो तांब्या अंगणात भिरकावावा. दुसऱ्याच्या दारात बसून, दुसऱ्याचं पाणी पिऊन... काय म्हणाली ती? काहीच तर वाईट म्हणाली नव्हती. दगडाबाई चपला पायात सरकवून गेली. तांब्या घासताना सुमंगला किती वेळ घासत राहिली ते तिचं तिलाच कळलं नाही.

दुपारी तिने तो अंक फायलीत लावायला घेतला आणि शेवटची ओळ वाचली. सकाळी तिथवर डोळे पोचलेच नव्हते. हरकत असल्यास ती कागदपत्रांसह खालील पत्त्यावर समक्ष आणून द्यावी. खालील पत्ता याच घराचा होता. गल्लीचं नाव, देवळामागे, सगळं बरोबर. म्हणजे तमाम लोकांपैकी कुणाला हरकत घ्यायची झाली तर त्याने एस.टी.ने यावं, विचारत विचारत यावं, आणि सुमंगलाला मात्र चुलीपासून बैठकीपर्यंत. मधे एक दार. त्या दाराने ती दिवसातून दहादा जाते. चहा घेऊन, केरसुणी घेऊन, कात्रणं घेऊन. हात रिकामे असताना ती त्या दाराने कधी गेली होती का? आठवेना.

आणि जाऊन सांगायचं काय? वाटा मिळाला तर मला तो नकोच आहे बहुतेक... जमिनीचं करू काय मी, कालव्यात उभी राहू? मग नको ना. मग गप्प बस. — पण नको म्हणायलासुद्धा आधी कुणीतरी विचारावं लागतं. हे असं स्पष्ट तिच्या डोक्यात पहिल्यांदाच आलं, आणि आल्यावर जाईना. भाजी निवडताना, दिवा लावताना तिथेच बसून राहिलं, पाहुण्यासारखं नव्हे, घरच्यासारखं.

संध्याकाळी बैठकीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. व्यंकटराव आले होते. आता खाकरतील, म्हणजे चहा. ते खाकरले. चहा उकळत होता. तिने तो उतरवला, झाकण ठेवलं, आणि मागच्या दाराने बाहेर पडून, घराला वळसा घालून, ओसरीच्या पायऱ्या चढली. चपला काढल्या. पक्षकारांच्या चपला असतात तिथेच, भिंतीशी. आपण हे काय करतोय याचं तिला हसू येत होतं.

दारात तिची सावली पडली. व्यंकटराव लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "बसा."

ती बसली. त्या बाकड्यावर, ज्याचा पाय ती रोज झाडताना उचलते. इथून खोली वेगळीच दिसत होती. टेबल उंच, दिवा टेबलामागच्या माणसाच्या डोक्यावर, आणि माणूस... जरा थकलेला, केस विरळ झालेला, अक्षर काढण्यात गुंगलेला एक वकील. त्याची तिला दया आली, आणि दया आली म्हणून राग गेला नाही. दोन्ही शेजारी शेजारी बसले, तिच्यासारखेच, हात मांडीवर ठेवून. उठून आत जाता येईल, अजून जाता येईल, असं तिला वाटलं. लेखणी ओळीच्या शेवटाकडे सरकत होती. आता तो मान वर करील आणि नेहमीचं विचारील — काय काम काढलंत? आणि उत्तर तयार नसतानाही, आश्चर्य म्हणजे, ती त्या प्रश्नाची वाट पाहत होती.