निम्म्यावर बंद

बॅटऱ्या वापरून मरत नाहीत, पार निपटून वापरल्याने मरतात, हे पाणक्या येईल-जाईल त्याला ऐकवायचा. मोबाइल टॉवरखालच्या खोल्यांमधल्या बॅटऱ्यांत पाणी घालत फिरण्यात त्याची हयात गेली होती. नाव त्यावरूनच पडलं होतं. निम्मी वापरा, निम्मी राहू द्या, मग आठ वर्षं बघायला नको, असं त्याचं म्हणणं.

बायकोला ऑक्सिजनचं यंत्र लागलं तेव्हा घरीही त्याने हेच केलं. जिन्याखाली बॅटऱ्यांची रांग मांडली आणि त्या निम्म्यावर आल्या की पुरवठा आपोआप बंद होईल अशी सोय केली. अडीअडचणीला उरलेली निम्मी काढता यावी म्हणून एक दांडी होती खरी, पण घरातलं कुणी उगाच ओढेल म्हणून तिला त्याने तार पिळून टाकली. शहाणपणाच्या भरात माणूस काय करून बसेल, सांगता येत नाही.

त्या दिवशी वीज गेली ती गेलीच. वीज गेली की टॉवरवाल्यांना आधी पाणक्या आठवायचा, त्यामुळे तो गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. दुपार कलताना मेहुणीचा फोन आला.

"भाऊजी, यंत्र बंद पडलंय! ताईचे ओठ निळे पडलेत!"

"जिन्याखाली दांडी आहे बघ. पकडीने तार काप आणि खाली ओढ."

"मघापासून तेच करायला निघालेय, पण ही माझा हात सोडत नाहीये. बॅटऱ्या खराब होतील म्हणते!"

"अगं, तिचं काय ऐकतेस! हिसडा मार आणि काप!"

फोनमधून धडपड ऐकू आली. मग यंत्राची घरघर सुरू झाली. पाणक्या तिथेच जमिनीवर बसला.

घरी पोचला तेव्हाही वीज आलेली नव्हती. सवयीने तो आधी जिन्याखाली वाकला. बॅटऱ्यांच्या मीटरचा काटा निम्म्याच्या बराच खाली गेला होता.

"आधी त्यांचीच विचारपूस ना?" आतून बायको म्हणाली. उशांना टेकून बसली होती ती. ओठांवर रंग आला होता.

"का अडवलंस तिला?" तो तडकला. "जीव गेला असता!"

"मोठ्या डॉक्टरांनी मला दोन वर्षं सांगितली. तुम्ही आठ वर्षं धरून मांडणी केलीत." ती धाप घेत थांबली. "म्हटलं, या माणसाला तेवढीच आशा आहे. ती कशाला मोडू?"

"खड्ड्यात गेल्या बॅटऱ्या. मला तू हवी आहेस."

"मग रोज संध्याकाळी तिथे जिन्याखाली का बसता?"

पाणी बघायला, असं तो एरवी म्हणाला असता. पण खोटं बोलायलाही अंगात त्राण लागतं, आणि तो आज पार थकला होता.

"तुझा श्वास ऐकवत नाही गं," तो म्हणाला. "आता थांबेल, मग थांबेल, असंच वाटत राहतं. म्हणून उठून जातो."

"मलाही नाही ऐकवत," ती म्हणाली. "पण मी कुठे उठून जाऊ?"