दुपारी खाली कोण नेतं?

गुंडी शिकली होती. आठवडेच्या आठवडे घरात एक थेंब सांडला नव्हता. म्हणूनच नंतर जे सुरू झालं, ते कोणाच्या डोक्यात शिरेना.

तिला शिकवलं होतं घरातल्या लेकीने, ठकूने. कुत्रीचं ते पिल्लू आणलं तेव्हा ओंजळीत मावायचं, आणि नाक इतकं काळं, गोल आणि चकचकीत की कोटाची गुंडीच कोणीतरी शिवून दिलीय असं वाटावं. ठकूने नाव ठेवलं आणि त्याच दिवसापासून कामाला लागली. खाणं झालं की खाली, झोप झाली की खाली, खेळून दमली की खाली. चौथ्या मजल्यावरून लिफ्टने उतरायचं, इमारतीच्या मागे गवताचा तुकडा होता तिथे ठरलेल्या झुडपापाशी उभं राहायचं, आणि काम झालं की असं कौतुक करायचं जणू पोरीचा शाळेत पहिला नंबर आलाय. सुरुवातीला एक गालिचा गेला, दोन पायपुसणी गेली. मग हळूहळू गुंडीला उमगलं. ती आपणहून दाराशी जाऊन बसायला लागली, आणि कोणाचं लक्ष नसलं तर पंजाने दार खरवडायला लागली.

पुढे ठकू शिकायला दुसऱ्या शहरात गेली. आणि ती गेली त्याच आठवड्यात तिच्या बाबांची नोकरी गेली.

बाबांना सगळी इमारत ‘लिफ्टवाले’ म्हणायची. लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत ते आराखडे काढायचे. खड्डा किती खोल, दार किती रुंद, यंत्राला वर किती जागा सोडायची, हे सगळं कागदावर. प्रत्यक्षात कुठल्या लिफ्टला त्यांनी कधी पाना लावला नव्हता. पण इमारतीची लिफ्ट अडकली की आधी त्यांचं दार वाजायचं. तेही बिचारे जायचे, बटणं दाबून बघायचे, गंभीरपणे मान हलवायचे आणि “मेकॅनिकला बोलवा” म्हणायचे. लोकांचं तेवढ्यावर समाधान व्हायचं. त्यांनाही आतून बरं वाटायचं.

कंपनीने आराखड्यांचा विभागच बंद केला. दुपारी बोलावून सांगितलं, संध्याकाळी लिफ्टवाले मोजपट्ट्या आणि चहाचा मग एका खोक्यात घालून घरी आले.

“ठकूला आत्ताच नको सांगायला,” बायको म्हणाली. “नुकतीच गेलीये. रुळू दे जरा.”

“कोणालाच नको,” लिफ्टवाले म्हणाले.

बायको रक्ततपासणीच्या लॅबमध्ये होती. सकाळी लवकर निघायची, दिवसभर लोकांच्या शिरा शोधायची आणि दिवेलागणीला परत यायची. निघण्याआधी आणि आल्यावर गुंडीला ती खाली न्यायची. मधला सगळा दिवस लिफ्टवाल्यांकडे आला.

पहिले काही दिवस त्यांनी नेलं. पण दुपारच्या लिफ्टमध्ये माणसं भेटतात.

“काय, आज दांडी?” वरच्या मजल्यावरच्या एकाने विचारलं. दुसऱ्या वेळी तोच म्हणाला, “बरं नाही का?” तिसऱ्या वेळी त्यानेच उत्तर पुरवलं, “आता सगळीकडे घरूनच काम, नाही का?” लिफ्टवाल्यांनी घाईघाईने हो म्हटलं.

पहिल्या मजल्यावर शिलाईवाल्या काकू राहायच्या. त्यांचं मशीन खिडकीत, आणि खिडकी नेमकी गवताच्या तुकड्यावर उघडणारी. शिवता शिवता जगाची खबर घ्यायची त्यांना सवय. त्यांनी एकदा वरून हाक मारली, “अहो लिफ्टवाले, घरून काम म्हणे! घरून लिफ्ट कशी बसवता हो?” आणि स्वतःच खळखळून हसल्या.

लिफ्टवालेही हसले. वर आले, गुंडीच्या गळ्यातला पट्टा काढला आणि सोफ्यावर बसून राहिले. काकूंच्या बोलण्यात खोच नव्हती हे त्यांना कळत होतं.

तरी त्या दिवसापासून ते दुपारचे खाली गेले नाहीत.

त्यांनी बाथरूममध्ये वर्तमानपत्रं अंथरली. गुंडीने ती हुंगली आणि परत दाराशी येऊन बसली. दार खरवडलं. लिफ्टवाल्यांकडे पाहिलं, पुन्हा दाराकडे पाहिलं. कुईकुई केली. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. थोड्या वेळाने दारापाशी थारोळं झालं आणि गुंडी त्याच्या शेजारी कान पाडून उभी राहिली. लिफ्टवाल्यांनी पुसलं, फिनेल मारलं.

बायकोने दारातच नाक वर केलं. “फिनेल? केलं का हिने आत?”

“हो ना. खाली नेऊन आणलं, तर वर येऊन केलं.”

हे खोटं इतक्या सहज तोंडातून गेलं की त्यांनाही नवल वाटलं. बायको गुंडीकडे वळून म्हणाली, “काय गं, शहाणी होतीस ना तू?” आणि गुंडीने शेपूट हलवलं. मग रोजच तसं व्हायला लागलं आणि रोजच लिफ्टवाले तेच सांगायला लागले. कुत्री तर काही बोलणार नव्हती.

ठकूचा व्हिडिओवर फोन यायचा. “बाबा, तुम्ही तिला किती वेळ उभं करता? ती आधी वास घेते, मग गोल फिरते. घाई नका करू.”

“अगं, भरपूर वेळ थांबतो मी.”

“ऑफिसातून जेवायला घरी येता का रोज?”

“हो, आता येतो. मुद्दाम हिच्यासाठी.”

ठकूचा चेहरा पडायचा. “मग माझंच काहीतरी चुकलं असणार. मी गेले ना अचानक. पक्की व्हायच्या आधीच गेले.”

बायकोला वाटलं, दुखणं असेल. सकाळी तिने गुंडीच्या मागे बाटली घेऊन फिरून नमुना पकडला. रोज माणसांच्या बाटल्या हाताळणाऱ्या बाईला त्याचं काही वाटलं नाही, फक्त काकू खिडकीतून बघत होत्या तेव्हा तिला हसू आलं. जनावरांच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, “सगळं व्यवस्थित आहे. शिकलेलं पिल्लू मागे जातं तेव्हा बहुतेक वेळा घरातलं काहीतरी बदललेलं असतं. दुपारी खाली कोण नेतं?”

“आमचे मिस्टर.”

“वेळेवर?”

“अगदी,” बायको म्हणाली. तिच्या आवाजात जराही शंका नव्हती.

अशात लिफ्टवाल्यांना एका ठिकाणाहून मुलाखतीचा निरोप आला. मुलाखत घरूनच, व्हिडिओवर द्यायची. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, खाली घरातलीच पँट, आणि जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप मांडला. समोर दोन तरुण चेहरे आले. तुम्हाला नवं सॉफ्टवेअर येतं का, असं एकाने विचारलं आणि तेवढ्यात गुंडीने दार खरवडायला सुरुवात केली. आधी हळू, मग जोरात. मग केकाटायलाच लागली.

“तुमच्याकडे कोणी रडतंय का?” दुसऱ्याने विचारलं.

“नाही, नाही. शेजारी आहे,” लिफ्टवाले म्हणाले. सॉफ्टवेअरचं उत्तर धड आलं नाही. पुढची दोन उत्तरंही आली नाहीत. त्या पोरांनी गोड हसून, कळवतो म्हणून, निरोप घेतला. पडदा काळा झाला आणि त्यात त्यांना आपलाच चेहरा दिसला.

उठून पाहतात तर गुंडीने दारापाशी ठेवलेल्या त्यांच्या ऑफिसच्या बुटांवर केलं होतं.

त्यांचं डोकंच फिरलं. त्यांनी तिला मानेला धरून उचललं, नाक त्या ओल्यात दाबलं आणि हाताला आलेल्या वर्तमानपत्राची गुंडाळी करून मारलं. एकदा, आणि पुन्हा, आणि पुन्हा. गुंडी ओरडली नाही, किंचाळलीच. एवढ्याशा जिवातून एवढा आवाज निघाला की लिफ्टवाल्यांचा हात वरच्या वर थांबला. ती घसरत, आपटत सोफ्यामागे गेली आणि बायको येईपर्यंत बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने दार खरवडलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. कुठे थारोळंही दिसेना. लिफ्टवाल्यांना आधी बरं वाटलं.

“सुधारली हं,” त्यांनी बायकोला सांगितलं. बायकोने कौतुकाने दोघांकडे पाहिलं.

पण घरात वास येऊ लागला. फिनेलने जाईना, खिडक्या उघडून जाईना. एका सुट्टीच्या सकाळी बायकोने पदर खोचला आणि म्हणाली, “सोफा ओढा जरा.” दोघांनी मिळून सोफा पुढे घेतला. मागची भिंत खालून फुगली होती, रंगाचे पोपडे सुटले होते, आणि फरशीवर डागावर डाग वाळले होते. कोपऱ्यात एक अजून ओला होता.

गुंडी तिथेच होती. सोफा हलला तशी ती फरशीला चिकटली, पोट टेकवून, कान मागे टाकून. लिफ्टवाले वाकले, तिला बाहेर काढावं म्हणून. त्यांचा हात खाली येताना दिसताच तिच्या खालून ओल पसरत गेली.

बायको बघत राहिली. गुंडी तिच्याकडे बघतच नव्हती, तिची नजर फक्त त्या हातावर होती.

“मारलंत तुम्ही तिला?”

“एकदाच,” लिफ्टवाले म्हणाले.

“आणि खाली? खाली नेत होतात का?”

लिफ्टवाले खाली बसले आणि हातातलं फडकं उगाच पिळत राहिले.

“अहो, मी विचारतेय.”

“लोक विचारतात गं,” ते म्हणाले. “लिफ्टमध्ये विचारतात. खिडकीतून विचारतात. काय सांगू?”

बायको आवाज चढवणारी नव्हती, आणि त्या दिवशीही तिने चढवला नाही. “तुमच्यासाठी मी जगाशी खोटं बोलले. लॅबमध्ये बोलले, माझ्या सख्ख्या बहिणीशी बोलले. त्याचं मला काही नाही. पण डॉक्टरसमोर मी छातीठोकपणे सांगितलं, आमचे मिस्टर वेळेवर नेतात. आणि तिकडे पोरीला वाटतंय, तिनेच नीट शिकवलं नाही. परवा रडली ती फोनवर. तुम्ही मागे उभे होतात. ऐकलंत तुम्ही.”

“ऐकलं,” लिफ्टवाले म्हणाले.

तिने गुंडीला अंगाशी घेतलं, ओल्यासकट, आणि बाथरूममध्ये धुवायला नेलं. दिवसभर ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी लिफ्टवाल्यांनी गुंडीला उचललं. ती त्यांच्या हातात लाकडासारखी ताठ झाली होती, तिचं काळीज त्यांच्या तळव्याला लागत होतं. लिफ्टमध्ये नशिबाने कोणी नव्हतं. झुडपापाशी त्यांनी तिला खाली ठेवलं आणि उभे राहिले.

गुंडी झुडपाच्या आत सरकली आणि तिथून त्यांच्याकडे बघत बसली. वास नाही, गोल फिरणं नाही. “कर ना,” ते म्हणाले. ती आणखी आत सरकली.

वर शिलाईचं मशीन थांबलं. “आज सुट्टी वाटतं?” काकूंनी विचारलं.

लिफ्टवाल्यांनी मान वर केली. तोंडावर ऊन येत होतं. “नोकरी गेली, काकू. ठकू गेली तेव्हाच गेली.”

काकूंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मग म्हणाल्या, “अगं बाई! मग आता लिफ्ट अडकली की कोणाला बोलवायचं?” आणि लगेच जीभ चावली. “नाही म्हणजे... तसं नाही हो. वहिनी बऱ्या आहेत ना?”

“बऱ्या आहेत.”

“बरं बरं,” काकू म्हणाल्या आणि मशीन पुन्हा घरघरायला लागलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच जोरात.

ज्या क्षणाची एवढी धास्ती घेतली होती तो येऊन गेला होता. पण त्यांना मोकळं वाटलं नाही. कारण गुंडी अजूनही झुडपात होती. ते पाय दुखेपर्यंत उभे राहिले. शेवटी तिला घेऊन वर आले, आणि दार लावताच ती धावत सोफ्यामागे गेली. तो बारीकसा आवाज त्यांना ऐकू आला. ते तसेच थांबले, ती बाहेर येऊन दुसऱ्या खोलीत गेल्यावर फडकं घेऊन आत वाकले.

त्याच संध्याकाळी त्यांनी ठकूला फोन करून दोन्ही गोष्टी सांगितल्या. नोकरीचं ऐकून ती “बाबा...” एवढंच म्हणाली, मायेने. मग दुसरी गोष्ट आली, खाली न नेल्याची आणि माराची.

“कशाने मारलंत?”

“वर्तमानपत्राने.”

“तोंडावर?”

त्यांना हो म्हणावं लागलं.

“आता ती तुमच्यासमोर करणार नाही,” ठकू म्हणाली. आवाज कोरडा होता. “तिला वाटतंय, तुम्ही बघितलंत की मार बसतो. घरात की बाहेर, हे तिला कळत नाही. आता पहिल्यापासून सुरुवात करायची. लांब दोरी लावा. आणि पाठ करून उभे राहा.”

“ठकू, मी...”

“बाबा, मला अभ्यास आहे,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

लिफ्टवाल्यांनी कपडे वाळत घालायच्या दोरीचा मोठा तुकडा आणला. दुपार झाली की खाली जायचं, दोरी सैल सोडायची आणि गुंडीकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करायचं. येणारे-जाणारे बघायचे. हळूहळू सगळ्यांना कळलं होतं. कोणी ओळखीच्या कंपनीचं नाव सुचवायचं, कोणी नुसतं “होईल हो” म्हणायचं, आणि वरच्या मजल्यावरचा तो एक जण दिसला की मोबाइल कानाला लावायचा. लिफ्टवाले सगळ्यांना मान डोलवायचे आणि भिंतीकडे बघत राहायचे. कित्येक दिवस गुंडी तशीच वर यायची आणि आडोसा शोधायची. कित्येकदा त्यांना वाटलं, हे आता असंच राहणार.

मग एका दुपारी मागे सुकी पानं चुरचुरली. दोरी थोडी ओढली गेली, सैल झाली, पुन्हा ओढली गेली. ती गोल फिरत होती. लिफ्टवाल्यांनी भिंतीवरची नजर हलवली नाही. गवतावर पडणाऱ्या धारेचा आवाज आला आणि थांबला.

“शाब्बास!” ते वळून ओरडले. आनंदाच्या भरात आवाज मोठा निघाला आणि हातही वर गेला. गुंडी जागच्या जागी आडवी झाली, कान मागे, डोळे मिटलेले.

लिफ्टवाल्यांनी हात खाली घेतला. ते तिथेच गवतात मांडी घालून बसले, पुन्हा पाठ करून, आणि अगदी हळू, स्वतःशीच बोलावं तसं “शाब्बास, शाब्बास” म्हणत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांच्या कोपराला काहीतरी गार आणि ओलं टेकलं, आणि लगेच दूर झालं.

बायको आली तेव्हा ते स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. तिने चपला काढता काढता विचारलं, “केलं?”

“केलं. खाली.”

“समोर?”

“समोर नाही,” लिफ्टवाले म्हणाले. “मागे.”

बायकोने मान हलवली, हात धुतले आणि दुसरी सुरी घेऊन त्यांच्या शेजारी चिरायला उभी राहिली.