चेटकिणीला फोन

नाटकाला जेमतेम तास उरला होता आणि चेटकीण टेबलाखाली जाऊन बसली होती. काही केल्या बाहेर येईना.

चेटकीण म्हणजे शिशुवर्गातली पिटुकली. चिठ्ठ्या टाकून तिला हे काम मिळालं तेव्हा ती गिरक्या घेत होती. पण तालमी सुरू झाल्या आणि पोरांनी डोक्यात भलतंच घेतलं. मधल्या सुट्टीत कोणी तिचा हात धरेना. ती घसरगुंडीवर चढली की बाकीचे धूम. "पळा, ही आपला भोपळा करेल."

गोष्ट सरळ होती. राजपुत्र जंगलातून जातो, चेटकीण त्याच्या घोड्याचा भोपळा करते, शेवटी सगळे मिळून तिला नदीत ढकलतात. नदी म्हणजे एक निळी चादर. ती धरायला दोन टोकांना दोन मुली.

"दुसऱ्या कोणाला तरी घाला टोपी," मुख्याध्यापिका दारातूनच म्हणाल्या. "पालक यायला लागलेत."

"आणि हिचं काय करू?" वर्गाच्या बाई म्हणाल्या. "टोपी काढली तरी पोरं हिला चेटकीणच म्हणणार."

या बाई म्हणजे पन्नाशीतलं कार्टं. एकदा मुख्याध्यापिकांच्या खुर्चीवर 'रंग ओला आहे' अशी पाटी ठेवून त्यांना दिवसभर उभं ठेवलं होतं, आणि वर स्वतःच हळहळल्या होत्या. पण आत्ता त्यांनाही मस्करी सुचत नव्हती. कारण चूक त्यांचीच होती.

वर्गात एक बंद पडलेला लाल फोन होता. गोष्टीत कोणी वाकडं वागलं की बाई गोष्ट थांबवायच्या आणि मुलं त्याला फोन लावायची. पलीकडचं काय ते बाई ऐकून सांगायच्या. राक्षस ओरडतो तो दाढ दुखते म्हणून, हे असंच कळलं होतं. या वेळी मात्र मुकुट आणि दाढ्या चिकटवायच्या धांदलीत चेटकिणीला फोन लावायचाच राहिला होता.

बाईंनी फोन उचलून टेबलावर ठेवला, बरोब्बर पिटुकलीच्या डोक्यावर.

"चेटकिणीशी बोलायचंय कोणाला?"

सगळा वर्ग गोळा झाला. राजपुत्रानं रिसीव्हर हिसकावला. "ए चेटकिणी, माझ्या घोड्याचा भोपळा का केलास गं?"

बाईंनी रिसीव्हर कानाला लावला, मान हलवली, भुवया उडवल्या. "अगंबाई. हो का. आवाजच येत नाहीये रे. खरखर नुसती."

सगळे रिसीव्हरकडे झुकले. मग टेबलाखालून बारीक आवाज आला.

"तुझ्या घोड्यानं माझा वेल तुडवला."

बाईंनी रिसीव्हर अलगद खाली ठेवला. हसू लपवायला पदर तोंडात कोंबावा लागला.

पोरं टेबलाभोवती उकिडवी बसली. "कसला वेल?"

"भोपळ्याचा. मी रोज पाणी घालायचे. एकच भोपळा आला होता. तोपण फोडला."

"मग सांगायचं ना," राजपुत्र म्हणाला.

"कोणी विचारलं मला? तुम्ही नुसते पळता."

राजपुत्र मुकुट खाजवत राहिला. मग म्हणाला, "मला पण घरी चालत जावं लागलं. जंगलात अंधार होता."

टेबलाखालून टोपीचं टोक बाहेर आलं. "रडलास?"

"थोडासा."

"मला माहीत नव्हतं," चेटकीण म्हणाली आणि रांगत बाहेर आली. "मला वाटलं, राजपुत्राला भीती वाटतच नाही."

मग काय, एकच कालवा. घोड्याला विचारा. भोपळा झाल्यावर गुदगुल्या होतात का विचारा. मुख्याध्यापिका पुन्हा दारात आल्या तेव्हा पंधरा तोंडं एकदम बोलत होती. बाईंनी सगळ्यांना तसंच मंचावर लोटलं.

नाटक झकास चाललं. शेवट आला. राजपुत्रानं चेटकिणीला ढकलायला हात उचलले आणि तिथेच थिजला.

"ढकल," मुख्याध्यापिका पडद्याआडून कुजबुजल्या.

"तिची बाजू पण बरोबर आहे," राजपुत्र मोठ्यानं म्हणाला.

तेवढ्यात नदीचं डावं टोक उठलं. "आम्ही हिला बुडवणार नाही." उजवं टोकही उठलं. दोघींनी चादर गुंडाळली आणि नदी तरातरा मंचावरून चालती झाली. पालक पोट धरून हसत होते. मुख्याध्यापिकांनी कपाळाला हात लावला. बाई पडद्यामागे टुणकन उडी मारून टाळ्या पिटत होत्या.

"अगं नदी, थांब ना," चेटकीण ओरडली. "मला पोहता येतं."

नदी वळली. दोघी मुलींनी एकमेकींकडे बघितलं आणि चादर पुन्हा पसरली. मग एकीनं चेटकिणीचा एक हात धरला, दुसरीनं दुसरा. तिघींनी मिळून उडी मारली. मागोमाग राजपुत्र. घोडा कुठे मागे राहतोय, तोही भोपळ्यासकट पाण्यात.